जोडधंदा म्हणून ऑनलाइन विक्री करताना कराचं काय केलंत? (अनुभव धागा)

नोकरी सांभाळून मी दोन वर्षांपासून येवल्याहून सेमीपैठण्या आणते आणि ओळखीपाळखीत, व्हॉट्सॲपवर विकते. उलाढाल वर्षाला तीन लाखांच्या आत. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, एवढ्यावर मी निश्चिंत होते. मग बेळगावच्या एका ताईंनी सहा साड्या मागवल्या आणि कळलं, की माल राज्याबाहेर जाणार असेल तर ती ४० लाखांची सवलत लागू होत नाही. बेळगाव आपलंच वाटतं, पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य. ऑर्डर नाकारावी लागली, फार वाईट वाटलं.

मोठ्या साइट्सवर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेल्यांनाही विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात आणि जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊनच. तो घ्यावा की सरळ पूर्ण नोंदणी करावी, या विचारात आहे. ज्यांनी हे सगळं पार केलंय त्यांनी घडलेलं लिहा, आकड्यांसकट.

नाशिकचा कुर्तीवाला

ताई, तुम्ही आधीच विचारताय हे चांगलं. मी आधी विकलं आणि मग विचारलं.

२०२२-२३ मध्ये साइटवर माझी ६,८०,००० रुपयांची विक्री झाली. कमिशन, कुरिअर, जाहिरात असं सगळं कापून बँकेत आले ४,९०,०००. कापडाचे आणि शिलाईचे पैसे वजा केले आणि उरलेले साधारण ७५,००० 'इतर उत्पन्न' म्हणून आयटीआर-१ मध्ये (पगारदारांच्या साध्या विवरणपत्रात) पगाराखाली टाकले. नोव्हेंबरमध्ये आयकर खात्याचा मेल आला, की तुमचं विवरणपत्र आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही. २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराची खात्याकडची नोंद) उघडून पाहिलं, तर साइटने कलम १९४-ओ खाली १ टक्का, म्हणजे ६,८०० रुपये टीडीएस कापलेला, आणि तोही पूर्ण ६,८०,००० वर. खात्याला दिसते ती गिऱ्हाइकाने मोजलेली रक्कम. बँकेत काय पडलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

धंद्याचं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. ३१ डिसेंबरच्या आत आयटीआर-४ (छोट्या धंद्याचं विवरणपत्र) भरून सुधारित विवरणपत्र दिलं, कलम ४४एडी खाली, म्हणजे विक्रीच्या टक्केवारीवरून नफा धरायची सोय. त्यात डिजिटल जमेवर निदान ६ टक्के नफा दाखवावा लागतो. 'निदान' या शब्दाकडे लक्ष द्या. माझा खरा नफा ७५,००० होता, तोच दाखवला. पोटात गोळा आला होता, पण मिटलं.

दुसरी गोष्ट मला त्याहून लागली. जीएसटीखालीही साइट तेव्हा १ टक्का टीसीएस (विक्रीच्या रकमेतून आधीच घेतलेला कर) कापायची. ते पैसे आपलेच, पण पोर्टलवर जाऊन 'ॲक्सेप्ट' केल्याशिवाय कॅश लेजरमध्ये (कर भरण्यासाठीच्या पोर्टलवरच्या आपल्या खात्यात) येत नाहीत. माझे दीड वर्षाचे पैसे तिथे नुसते पडून होते. आता दर उतरलेत. टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के झाला आणि टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. पण बटण दाबायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

सांगलीहून

मी जीएसटी नंबर घेतला आणि चार महिन्यांत आईचं आजारपण आलं. विक्री बंद. विक्रीच नाही तर रिटर्न कसलं, असं वाटलं. सात महिन्यांनी पाहिलं तर प्रत्येक महिन्याच्या शून्य ३बी रिटर्नवर (विक्री नसली तरी भरायचं जीएसटीचं विवरण) रोज २० रुपये विलंब शुल्क चढलेलं. एका रिटर्नला ५०० ची मर्यादा आहे म्हणून साडेतीन हजारांच्या आसपास सुटले. धंदा थांबवणार असाल तर नंबर रीतसर सरेंडर करा आणि नंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० भरा. ते शेवटचं रिटर्न बहुतेक जण विसरतात.

जुने कॅमेरे, पुणे

माझा धंदा वापरलेल्या वस्तूंचा. घराघरांतून कॅमेरे घेतो, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती करून विकतो. ८,००० ला घेतलेला ११,५०० ला गेला, तर जीएसटी फक्त वरच्या ३,५०० वर. अट एवढीच, की खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसावं. पहिलं वर्षभर मी पूर्ण किमतीवर कर भरत होतो आणि नफा का उरत नाही म्हणून रात्री जागत होतो. विकणाऱ्याची सही असलेली खरेदीची पावती प्रत्येक वेळी घ्या, नाहीतर ८,००० सिद्ध कसे करणार?

आणि घरातला स्वतःचा जुना फ्रिज विकला तर तो धंदा होत नाही. त्याला घाबरू नका.

वसईची गृहिणी

जीएसटी नंबर मिळाला की महाराष्ट्रात व्यवसाय कराचा पीटीईसी (नोंदणीचा दाखला) पण काढायचा, वर्षाला २,५०० रुपये. मला कुणीच सांगितलं नव्हतं.

लेस्टर, इंग्लंड

इकडे वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या धंद्याच्या विक्रीला सूट आहे. विक्रीला, नफ्याला नव्हे. मी भारतातून आणलेले खण आणि दागिने विकते. २०२४ पासून साइट्सना विक्रेत्यांची माहिती कर खात्याला द्यावी लागते, तेव्हापासून वही काटेकोर ठेवते.

सातारा, सरकारी नोकरी

मला स्वतःला धंद्याची मुभा नाही, म्हणून पत्नीच्या नावावर सुरू केलं. भांडवल माझ्या पगारातलं, एक लाख. सीएंनी सांगितलं, की त्या पैशाच्या प्रमाणात नफा माझ्याच उत्पन्नात धरला जाणार. पुढच्या वर्षी तिने स्वतःची एफडी मोडून माल भरला आणि माझे पैसे परत केले. धंदा खऱ्या अर्थाने तिचा झाला, याचा आम्हा दोघांना आनंद आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण नोंदणीचाच अर्ज भरायला घेतलाय. कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणून रेग्युलर, म्हणजे नेहमीची नोंदणी. घर भाड्याचं आहे. वीजबिल मिळालंय, घरमालक काका रविवारी गावाहून आले की संमतीपत्रावर सही घेणार. बेळगावच्या ताईंना आजच कळवलं, की साड्या बाजूला काढून ठेवल्यात.