टीडीएस मीटर ७०० दाखवतो, म्हणून सोसायटीने सॉफ्टनर बसवावा का? (वाघोली)

वाघोलीवासी

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातील पेठेतून वाघोलीत राहायला आलो. पेठेत खडकवासला धरणाचे पाणी होते, त्यामुळे पाण्याच्या गुणवत्तेचा विचार करण्याची वेळ कधी आली नाही. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली असली, तरी आमच्या ६० सदनिकांच्या सोसायटीची भिस्त अद्याप बोअर आणि टँकर यांवरच आहे. नळांच्या तोट्यांवर पांढरे थर चढतात आणि तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही कणीदार राहते. गिझरची कॉइल दीड वर्षात जळाली. ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर अंड्याच्या टरफलासारखे कवच चढलेले होते आणि नखाने टोकरताच त्याच्या पापुद्र्या निघाल्या.

गेल्या रविवारी एका विक्रेत्याने सोसायटीत प्रात्यक्षिक दाखवले. एका पेल्यात आमच्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे पाणी घेऊन त्याने दोन्हींत धातूच्या सळ्या बुडवून वीज सोडली. मिनिटभरात आमच्या पेल्यात हिरवट-तपकिरी गाळ तयार झाला, त्याचा पेला मात्र स्वच्छ राहिला. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणाऱ्या मीटरने आमच्या पाण्यात ७०० आणि त्याच्या पाण्यात ४० असा आकडा दाखवला. संपूर्ण इमारतीसाठी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र, आणि प्रत्येक घरी आरओ असा त्याचा प्रस्ताव आहे. तो गाळ खरोखरच आम्ही पितो का? आणि ७०० या आकड्यावरून पाणी किती जड आहे, हे ठरवता येते का?

परीक्षानळी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केल्यामुळे हे पेल्याचे प्रात्यक्षिक माझ्या चांगलेच ओळखीचे आहे. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसून सळईचा आहे. वीज सोडली की लोखंडी सळई झिजते आणि तिच्यातले लोह हायड्रॉक्साइडच्या रूपाने पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडा, असे विक्रेत्याला सांगून पाहावे.

आता टीडीएस. हातात धरायचा मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. जडपणा केवळ कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे येतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणत, आणि साबणाला फेस येऊ न देणारे पाणी हे वर्णन आजही कोणत्याही मीटरपेक्षा नेमके आहे. ७०० टीडीएसच्या एका पाण्यात जडपणा ४५० असू शकतो, तर दुसऱ्यात १०० देखील. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. टीडीएससाठी याच मर्यादा ५०० आणि २००० अशा आहेत. आरओमधून पाण्याचा मोठा हिस्सा वाया जातो, म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओचा वापर रोखण्याचे निर्देश दिले होते.

तुमच्या बोअरचा जडपणा खडकातूनच येतो. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसाल्टच्या भेगांत उतरते आणि तिथले कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जाते. विषयांतराचा दोष पत्करून सांगतो, की तुमच्या वाघोलीच्या दगडखाणी कॅव्हन्साइट या गडद निळ्या खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. ते कॅल्शियम आणि व्हॅनेडियम यांचे सिलिकेट आहे. त्याच्या सोबतीला खडकाच्या त्याच पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे सापडतात, आणि पाणी मृदू करणारी सुरुवातीची यंत्रे झिओलाइटवरच चालत असत.

काही खरेदी करण्यापूर्वी बोअरचे आणि टँकरचे नमुने वेगवेगळे तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत एकूण जडपणा, अल्कता, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट आणि जिवाणू एवढे तरी पाहावे. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटलीच वापरावी आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. अल्कता विसरू नका, कारण उकळल्यावर खाली बसणारा जडपणा किती आणि पाण्यात तसाच राहणारा किती, हे तिच्यावरूनच समजते.

सोसायटीसचिव

आमच्या सोसायटीत चार वर्षांपासून सॉफ्टनर आहे. तो बसवल्यानंतरच्या पहिल्याच सभेत एका सभासदाने मीटर काढून आधीचा आकडा ७२० आणि नंतरचा ७३० असल्याचे सर्वांना दाखवले आणि आपण फसवले गेलो, असा गदारोळ उडाला. वस्तुतः यंत्र ठीक होते. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही. त्यातील रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडते, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. अखेरीस मी थेंबांचा तपासणी संच आणून सभेतच दोन परीक्षानळ्या भरल्या. एकीतील पाण्याचा तांबडा रंग निळा व्हायला बावीस थेंब लागले, दुसरी नळी पहिल्याच थेंबाला निळी झाली, आणि वाद तिथेच मिटला.

तरीही खर्चाचा हिशेब आधी करावा, कारण तो कोणताही विक्रेता करून दाखवत नाही. ६० घरे आणि घरटी ५०० लिटर धरले, तर दिवसाला ३०,००० लिटर पाणी होते. जडपणा ४०० असेल, तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने तुमच्या नळांतून रोज १२ किलो खडू वाहतो. तो पूर्णपणे काढायचा, तर रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करावे लागते; त्यासाठी कागदावर १४ किलो मीठ लागते आणि प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे दोन दिवसांत ५० किलोचे एक पोते संपते. ते पोते कोण उचलणार, कोठे ठेवणार आणि रेझिन धुतल्यावर निघणारे खारे पाणी कोठे सोडणार, हे ठरवूनच ऑर्डर द्यावी. आमच्याकडे पहिल्या वर्षी ते पाणी बागेकडे वळवले गेले आणि जास्वंदीची संपूर्ण ओळ जळाली. सॉफ्टनरमुळे पाण्यात लिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम वाढेल, म्हणून स्वयंपाकघराची जोडणी वेगळी ठेवावी, विशेषतः घरात कोणाला रक्तदाबाचे पथ्य असेल तर.

कोकमसार

यंत्राचा निर्णय होईपर्यंत डाळीचे पाहू. कॅल्शियम डाळीच्या पेशींमधील पेक्टिनला घट्ट बांधते, म्हणून ती फुटत नाही. पाणी आदल्या रात्री खळखळून उकळून ठेवावे आणि सकाळी तळाचा पांढरा साका न ढवळता वरचे पाणी डाळीला वापरावे. चिंच किंवा कोकम डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे. चिमूटभर खाण्याचा सोडा काम करतो, परंतु चव बिघडते आणि मला तो आवडत नाही. तोट्यांना लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवले की थर सुटतो.

वाघोलीवासी

आपणा सर्वांची आभारी आहे. तीन आठवड्यांनी अहवाल हाती आला, म्हणून पुन्हा लिहीत आहे. बोअरचा टीडीएस ६९०, एकूण जडपणा ४३० आणि अल्कता २८० आहे. म्हणजे जडपणाचा सुमारे दोनतृतीयांश भाग उकळून खाली बसतो, आणि कोकमसार यांच्या युक्तीने डाळ खरोखरच शिजू लागली आहे. परंतु नायट्रेट ५२ आले आहे. त्याशिवाय टँकरच्या नमुन्यात शिल्लक क्लोरीन शून्य असून कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची शंका दाखवणारे) जिवाणू आढळले आहेत. त्या विक्रेत्याच्या मीटरने यांतले काहीच दाखवले नव्हते. आमच्या मजल्यावर चार महिन्यांचे बाळ आहे, त्यामुळे नायट्रेटबद्दल विशेष काळजी वाटते.

परीक्षानळी

नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात कोणतीही सवलत नाही. त्या बाळाची दुधाची पावडर बोअरच्या पाण्यात कालवू नये, असे त्याच्या घरी आजच सांगावे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. नेहमीचा सॉफ्टनर त्याला हात लावत नाही. आरओ मात्र ते बऱ्याच अंशी काढतो, तेव्हा पिण्यापुरता आरओ तुमच्याकडे समर्थनीय ठरतो. नायट्रेट सांडपाण्यातूनही झिरपू शकते, म्हणून बोअरपासून सेप्टिक टँक किंवा सांडपाण्याचा चर किती अंतरावर आहे, ते मोजून कळवावे. टँकरचे पाणी टाकीत पडल्यावर क्लोरीन द्यावे आणि अर्ध्या तासाने तपासल्यावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवे. सॉफ्टनरची चर्चा त्यानंतर करू.

वाघोलीवासी

अंतर मोजले. सेप्टिक टँक बोअरपासून अकरा पावलांवर आहे.