शस्त्रसंग्रहालयातले मराठी शब्द : तोडा, घोडा, परज, खोबळा

प्रश्न :
नुकताच एक लष्करी संग्रहालय पाहून आलो. तलवारी आणि बंदुका, दोन्ही दालनं पाय निघू नये अशी. पण मराठी पाट्यांनी फार निराशा केली. सरळ पात्याखाली 'तलवार', वाकड्या पात्याखालीही 'तलवार'. बंदुकांचं तर 'जुनी बंदूक', 'जुनी लांब बंदूक' एवढ्यावरच भागवलेलं. शेजारच्या इंग्रजी मजकुरात मात्र एकेका भागाचं नाव होतं. ज्या भाषेतली माणसं शतकानुशतकं ही हत्यारं वापरत आली, तिच्यात या भागांना शब्द नसतील हे पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. शिवाय बंदूक शस्त्र की अस्त्र?

प्रतिसाद :
शब्द भरपूर आहेत, आणि बहुतेक आजही समजतात. बंदुकांपासून सुरुवात करतो.

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची ती ठासणीची बंदूक. 'ठासून भरणे' आपण पिशवीबद्दलही म्हणतो, पण इथे ते शब्दशः करावं लागतं. दारू सैल राहिली तर बार नीट उडत नाही. गज म्हणजे नळीखालच्या खाचेत बसवलेली लांब सळई. तुम्ही पाहिलेल्या बंदुकांमध्ये ती नक्की दिसली असेल. खांद्याला टेकवायचा लाकडी भाग म्हणजे दस्ता.

दारू पेटवायची कशी, यावरून पुढची नावं पडतात. सगळ्यांत जुनी तोडेदार बंदूक. तोडा म्हणजे सुताची दोरी. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवली की ती ज्योत न धरता तासन्‌तास धुमसत राहते. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाबाहेर छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, ती रंजक. खालची पट्टी दाबली की तोड्याचं जळतं टोक रंजकावर टेकतं आणि आग कानातून आत जाते. तोफेचंही हेच तंत्र, फक्त तिथे हाताने बत्ती द्यायची. 'तोफांच्या कानात खिळे ठोकले' हे वाक्य इतिहासात सारखं भेटतं. कान बुजला की तोफ निकामी, म्हणून माघार घेताना किंवा शत्रूच्या मोर्च्यावर छापा घालताना हे पहिलं काम. कान म्हणजे काय हे माहीत नसेल तर ते वाक्य अर्धंच कळतं.

त्यानंतरची चकमकीची बंदूक. तिच्यात तोडा नाही. गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. 'चकमक' मूळ तुर्की शब्द, आगकाडीचं काम करणाऱ्या गार-पोलादाच्या जोडीचा. मराठीत त्याला छोट्या लढाईचाही अर्थ आहे. 'दोन्ही तुकड्यांत चकमक झडली' हे वृत्तपत्रात आजही छापून येतं.

दुसरा प्रतिसाद :
छान माहिती. एक शंका. बोट ज्याला लावतात तो घोडा की चाप? कथा-कादंबऱ्यांत दोन्ही वाचलं आहे.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर :
बोलताना दोन्ही चालतं, कोशांतही सरमिसळ आहे. पण संग्रहालयाच्या पाटीवर दोन वेगळे भाग दाखवायचे असतात, तिथे फरक पाळायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. वरचा आपटणारा भाग घोडा, बोटाने ओढायचा तो चाप. चकमकीच्या बंदुकीत गार घोड्याच्या जबड्यात धरलेली असते. चाप ओढला की घोडा पडतो. पुढे गारेच्या जागी तांब्याची केप, म्हणजे आपटताच पेटणारी छोटी टोपी, आली, तरी घोडा आणि चाप तेच राहिले.

काडतुसाबद्दलही सांगायला हवं. आपल्या डोळ्यांपुढे पितळी काडतूस येतं. १८५७ साली ज्यावरून भडका उडाला ते एन्फिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. आत मोजून घेतलेली दारू आणि गोळी. कागदाचं टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, म्हणूनच वंगणात गाय-डुकराची चरबी असल्याच्या बातमीने शिपाई पेटले. ही रायफल १८५३ च्या नमुन्याची, म्हणजे तीही ठासणीचीच. अशा बंदुकीखाली नुसतं 'जुनी बंदूक' लिहिणं हा तिच्यावर आणि पाहणाऱ्यावर अन्याय आहे.

तिसरा प्रतिसाद :
तलवारींबद्दल मी लिहिते. पातं, मूठ, म्यान हे सगळ्यांना ठाऊक. मुठीवर बोटांचं रक्षण करणारा जो भाग असतो, तो परज. तलवार 'परजणे' म्हणजे वार करणे नव्हे, वारासाठी ती सज्ज करणे, फिरवून तोलणे. हल्ली बातम्यांत 'शस्त्रे परजून हल्ला केला' असं येतं, तिथे परजणं ही हल्ल्याच्या आधीची पायरी आहे हे लक्षात ठेवावं. उपसणे, परजणे, चालवणे आणि शेवटी म्यान करणे, असा तो क्रम.

सरळ, लांब पात्याची फिरंग. फिरंग्यांकडून आलेली पाती म्हणून हे नाव. पातं युरोपातलं आणि मूठ इथे चढवलेली, अशा कितीतरी तलवारी संग्रहालयांत आहेत. मुठीच्या मागच्या टोकाला बोटभर लांबीची दांडी दिसली तर ती शोभेची समजू नका. दुसरा हात तिथे लावून दोन्ही हातांनी वार करता येतो.

मला सर्वांत आवडणारा शब्द खोबळा. दांडपट्ट्याला मूठ नसतेच असं लांबून वाटतं, कारण कोपराच्या दिशेने वर जाणारा पोकळ लोखंडी खोबळा पूर्ण पंजा झाकतो. जवळ जाऊन आत डोकावलं की आडवी दांडी दिसते. मुठीत धरायची ती. मनगट खोबळ्यात अडकल्यामुळे वळत नाही, म्हणून पट्टा चालतो तो खांद्यापासून, अख्ख्या हाताच्या फेकीने.

'पाणी' हा शब्दही इथलाच. तापलेलं पातं विझवून कठीण करणं म्हणजे पाणी देणं. नुसतं कठीण पातं काचेसारखं तडकतं, म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडं नरम करतात.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर :
ताई, खोबळा हवाच होता. आता शस्त्र-अस्त्राचा प्रश्न. अस् म्हणजे फेकणे, त्यावरून अस्त्र. शस् म्हणजे कापणे, त्यावरून शस्त्र. हातात राहून वार करतं ते शस्त्र, सुटून जातं ते अस्त्र. म्हणूनच क्षेपणास्त्र. जुन्या धनुर्वेदात 'यंत्रमुक्त' असा वर्ग आहे, यंत्राने सोडलेलं. बंदूक नेमकी त्यातली. पण आजच्या मराठीत 'शस्त्र' सर्वव्यापी झालंय, बंदुकीचाही शस्त्रपरवानाच असतो. ते बदलायला जाऊ नये. संग्रहासाठी 'शस्त्रास्त्रे' लिहावं, किंवा 'शिलेखाना' हा देखणा शब्द परत आणावा. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार त्यातूनच आला.

चौथा प्रतिसाद :
शुद्धलेखनाची एक विनंती. बंदूक दीर्घ, पण बंदुकीचा, बंदुका ऱ्हस्व. तसंच काडतूस-काडतुसे, पिस्तूल-पिस्तुले. 'बंदूकीची नळी' असं पाट्यांवर हमखास दिसतं.

मूळ प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. संग्रहालयाच्या व्यवस्थापनाला पत्र लिहितो आहे, सोबत नमुन्यादाखल ही पाटी जोडतो : 'ठासणीची तोडेदार बंदूक. कानाजवळ रंजकाची वाटी; नळीखाली गज; दस्ता लाकडी.' काही सुचवायचं असेल तर जरूर सांगा.

तिसरा प्रतिसाद :
'तोडा' म्हणजे काय ते कंसात द्या. मुलं पायातला तोडा समजतील.