शाळेतल्या वासांचा त्रास: आजार की नखरे?

पाटीपेन्सिल
मी शिकवते त्या शाळेत सातवीत एक मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग रंगवले, तेव्हापासून वर्गात बसलं की तिचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात आणि शेजारणीने डिओ मारलेला असला की मळमळतं. डॉक्टर झाले, ॲलर्जीच्या टेस्ट झाल्या, सगळं नॉर्मल. आई म्हणते परीक्षेला हिला वेगळ्या खोलीत बसवा, ऑफिस म्हणतं सर्टिफिकेट आणा. आता ते आणायचं कुठून? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हे कुठेच बसत नाही. स्टाफरूममध्ये सरळ दोन तट पडलेत, एका सरांचं म्हणणं "गणिताच्याच तासाला बरं दुखतं हिचं". माझं मत, आजाराला नाव काय द्यायचं ते डॉक्टर बघतील, शाळेने वासाच्या वस्तू कमी करायला काय जातंय? डिओ बंद, फिनाईल मुलं घरी गेल्यावर, रंगकाम मे महिन्यात. बोला.

रोखठोक_सोलापूरकर
आमच्या शाळेला लागून ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, डिझेलच्या धुरात पाढे पाठ केले, कुणाला काही झालं नाही. एकीला डिओ सोसत नाही म्हणून शाळेने बंद करायचा, उद्या दुसऱ्याला डब्यातला बोंबील सोसणार नाही, मग काय डबे पण बंद? लाड आहेत नुसते.

योकोहामाची_मीनल
दादा, कुणाला काही झालं नाही हे तुम्हाला कसं कळलं? तेव्हा विचारत कोण होतं!
इथे जपानमध्ये हे लाड म्हणून सोडून दिलेलं नाहीये. नवीन इमारतींमध्ये लोक आजारी पडायला लागले, शाळांमध्ये पण तेच, त्याला सिक स्कूल असं नावच पडलं. २००३ मध्ये बांधकामाचा कायदा बदलला, प्लायवूड वगैरेतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू किती बाहेर पडला तर चालेल यावर मर्यादा आली आणि वाळवीसाठी मारायचं क्लोरपायरिफॉस घरात वापरायला बंदी. २००९ पासून रसायनं न सोसण्याचा त्रास आजारांच्या सरकारी यादीत आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, नव्या पुस्तकांच्या शाईचा वास ज्या मुलांना सोसत नाही त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं उन्हात वाळवून देतात, तेही जमलं नाही तर पानांच्या झेरॉक्स. आपण पापड वाळत घालतो तशी पुस्तकं.

स्टेथो_लटकवलेला
मीनलताई, यादीत नाव आलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही ना. ज्यांना रसायनं सोसत नाहीत म्हणतात अशा लोकांवर प्रयोग झालेत, एकदा खरं रसायन एकदा नुसती हवा, आणि वास कळू नये अशी सोय. २००६ मध्ये अशा ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. वास झाकला की बहुतेकांना फरक ओळखता येत नाही आणि त्रास मात्र दोन्ही वेळा होतो. म्हणजे ते नाटक करतात असं नव्हे हां! डोकं खरंच दुखतं, मळमळतं खरंच, फक्त त्याची सुरुवात रसायनाने होते की "आता त्रास होणार" या भीतीने, हा मुद्दा आहे. म्हणून लेबलची घाई नको. एकदा लेबल लागलं की मूल वर्ग टाळतं, मग लग्नकार्य टाळतं, मग बस टाळतं.
आणि ताई, वासाने डोकं उठणं हे मायग्रेनचं नेहमीचं लक्षण आहे, मुलांमध्येही. ते कुणी बघितलंय का? ताज्या रंगाने डोळे चुरचुरणं ही तर वेगळीच गोष्ट, ते तुमचे-माझेही चुरचुरतील, त्याला संवेदनशीलता कशाला लागते.

पाटीपेन्सिल
मायग्रेनचं आईला सांगते, नक्की. पण डॉक्टरसाहेब, भीतीने होतंय म्हटलं की स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ नाटक असाच घेतात, त्याचं काय करायचं?

शिपाईणबाईंचा_पोरगा
सगळे मुलांबद्दल बोलताय म्हणून लिहितो. माझी आई एका शाळेत मावशी म्हणून होती. काळं फिनाईल पाच लिटरच्या कॅनमधून यायचं, माप वगैरे काही नाही, पाणी दुधासारखं पांढरं झालं की झालं, आणि मुख्याध्यापक येऊन हुंगणार, वास नाही आला तर पुसलंच नाही म्हणणार! म्हणून ती जास्तच ओतायची. संडासाला ॲसिड वेगळं. एकदा नव्या बाईने ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली, दोघी खोकत बाहेर पळाल्या, तो क्लोरीन गॅस होता हे मला पुढे बारावीला कळलं. ग्लोव्हज, मास्क कधी बघितले नाहीत. आता ताई म्हणतात फिनाईल मुलं गेल्यावर. म्हणजे मुलांच्या वाटणीचा वास पण मावशीने घ्यायचा, आणि तोही संध्याकाळी सात वाजेपर्यंत थांबून. वेळ कशाला बदलताय, फिनाईल कमी करा ना. साबणाच्या पाण्याने फरशी निघते. पण मग साहेबांना स्वच्छतेचा वास येणार नाही.

रोखठोक_सोलापूरकर
हे पटलं. डिओचं मात्र अजून नाही पटलं.

आठवीची_आई
मलाही नाही पटलं. माझी लेक एसटीने उभी जाते, वर पीटीचा तास. वर्गातल्या पोरी तिला घामट म्हणायच्या, डिओ आणल्यावर थांबल्या. तो बंद केला तर परत तेच सुरू. एकीचा त्रास खरा आणि दुसरीचा खोटा का?

योकोहामाची_मीनल
काकू, बिनवासाचा रोल-ऑन मिळतो की. वर्गात फुसफुस नको एवढंच.

आठवीची_आई
किंमत बघितलीत का त्याची? तुरटी सांगा त्यापेक्षा.

स्टेथो_लटकवलेला
तुरटी उत्तम, गंमत नाही करत.
पाटीपेन्सिल ताई, एक राहिलं. रंग कुठला मारला होता, आणि तो वाळेपर्यंत खिडक्या उघड्या होत्या का?

पाटीपेन्सिल
खाली चार फूट ऑइल पेंट, वर डिस्टेंपर. खिडक्या बंदच असतात, माकडं डबे पळवतात.

स्टेथो_लटकवलेला
अहो मग सर्टिफिकेट मागायच्या आधी खिडक्यांना जाळ्या बसवा! बंद खोलीत पन्नास पोरं आणि ओला ऑइल पेंट, डोकं न दुखणाऱ्यांचंच मला नवल वाटतंय.

पाटीपेन्सिल
जाळ्यांचा अर्ज गेल्या वर्षीच दिलाय. रंगाला पैसे निघाले, जाळ्यांना नाही.

रोखठोक_सोलापूरकर
रंग फोटोत दिसतो ताई. स्नेहसंमेलनाला पाहुणे कोण येणार होते?