काकांची गाणी गेली कुठे? (‘घरचे सगळे’ ग्रुपवरून)

शनिवार, रात्री ९:१२

काका: एक गंभीर बाब. माझ्या लॅपटॉपमधली गाणी चोरीला गेली आहेत. वहीप्रमाणे २८६ सीडी, ३,४१२ गाणी. यादीत आत्ता २,९८०. त्यातलीही १,५०६ वाजत नाहीत. दोन दिवस बसून मोजली आहेत.

आत्या: अरे देवा! पण चोरी कशी होईल अण्णा? पासवर्ड घालून ठेवतोस ना तू?

काका: पासवर्ड आपल्याकडे एक आणि कंपनीकडे एक. हल्ली असंच असतं.

छोटू: मामा, टेन्शन नको घेऊ. सगळं ऑनलाइन आहे. नाव टाक, वाजतं.

काका: सगळं नाही. सीडी क्र. २७१ ऑनलाइन काढून दाखव, मग बोल.

छोटू: त्यात काय आहे?

काका: मैफलीचं रेकॉर्डिंग. १४ भाग. मध्ये गायक तंबोरा जुळवून घेतात, प्रेक्षकांतलं कुणीतरी खोकतं, ते हसतात. तुझ्या ऑनलाइनवर त्याच गायकांचं स्टुडिओतलं आहे. खोकल्याशिवाय.

मी: काका, आधी एक करा. काहीच करू नका. काहीही डिलीट करू नका, सॉफ्टवेअर काढून परत टाकू नका, ‘रीसेट’ असं कुठे दिसलं तर हात लावू नका. आणि मला सांगा, जी वाजत नाहीत त्यांच्या नावापुढे काही खूण आहे का?

काका: उद्गारचिन्ह आहे.

मी: छान.

काका: यात छान काय आहे?

मी: उद्गारचिन्ह म्हणजे गाणं गेलेलं नाही, त्याचा पत्ता चुकलाय. तुम्हाला दिसते ती नुसती यादी. रजिस्टर समजा. गाणी वेगळी, कपाटात. रजिस्टरमध्ये लिहिलंय, ‘कपाट ई, खण १४’. कुणी कपाटाच्या दारावरची चिठ्ठी बदलून ‘एफ’ लावली की रजिस्टरवाला म्हणतो, असं कपाटच नाही. कपाट मात्र जागच्या जागी उभं असतं.

काका: आमच्या ऑफिसात असं दोनदा झालं होतं.

मी: गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत ना?

काका: सीडी क्र. १ ते १६० बाहेरच्या डिस्कवर. पुढच्या लॅपटॉपमध्ये. वहीत लिहिलंय.

मी: आणि न वाजणारी कुठली?

काका: (पाच मिनिटांनी) सगळी १ ते १६० मधली.

दादा: ओह.

काकू: काय ओह?

दादा: गेल्या रविवारी मी बाबांच्या लॅपटॉपला माझी डिस्क लावली होती, फोटो कॉपी करायला. बाबांची तेव्हा काढून ठेवली होती. विंडोज जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं. माझी ‘ई’ झाली असणार. नंतर माझी तशीच ठेवून बाबांची लावली, ती ‘एफ’ झाली.

काका: तरी मी विचारलं होतं, काय काय हलवलंस. म्हणालास, काही नाही.

दादा: काही हलवलं नव्हतंच बाबा! अक्षर बदललं.

मी: दादा, तूच आहेस ना तिथे? तुझी डिस्क काढ. मग विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघड, बाबांच्या डिस्कवर राइट क्लिक, ड्राइव्हचं अक्षर बदलून परत ‘ई’ कर. सॉफ्टवेअर आधी बंद कर, मग उघड.

रात्री ९:५८

दादा: झालं. वाजतायत.

काका: तपासून सांगतो.

रात्री ११:२०

काका: १,५०६ परत मिळाली. उरली ४३२. ती यादीतच नाहीत. उद्गारचिन्हही नाही.

आत्या: तू खरंच सगळी तपासलीस?

काकू: हो. प्रत्येकाचे दोन दोन सेकंद. मी दुसऱ्या खोलीत आले आहे झोपायला.

रविवार, सकाळी ७:४०

काका: रात्री वही लावून पाहिली. ४३२ पैकी ३९८ गाणी एकाच गठ्ठ्यातली आहेत. सीडी क्र. ६१ ते १००. सलग चाळीस. हा योगायोग नाही.

मी: या चाळीस सीडी कॉपी करताना काही वेगळं होतं का?

काका: वहीत शेरा आहे, ‘इंटरनेट बंद. नावे आली नाहीत.’

आत्या: सीडीवर नावं नसतात? छापलेली तर असतात.

मी: आत्या, कव्हरवर असतात. आत तबकडीत बहुतेक वेळा नसतात. ऑडिओ सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती संगणकासाठी नव्हतीच. तिच्यावर फाइली नसतात, आवाजाचे आकडे असतात, सेकंदाला ४४,१०० वेळा, डावा-उजवा असे दोन, आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याचा तक्ता. बस. काही थोड्या सीडींवर नावं घातलेली असतात, पण थोड्याच. कॉपी करताना जी नावं येतात ती इंटरनेटवरून. सॉफ्टवेअर तो तक्ता बघतं, कुठलं गाणं कुठून सुरू होतं ते, आणि डेटाबेसला विचारतं, अशा मापाची सीडी कुणी ओळखता का?

काकू: म्हणजे कपडे मापावरून ओळखायचे.

मी: अगदी! आणि नेट नसेल तर ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’, कलाकार अज्ञात, अल्बम अज्ञात. चाळीसच्या चाळीस सीडी एकाच ‘अज्ञात’ फोल्डरमध्ये जाऊन बसतात. काका, त्या गठ्ठ्यातलं आता यादीत काहीच नाही का?

काका: आहे. १४ गाणी. ट्रॅक ०१ ते ट्रॅक १४. विचित्र म्हणजे पहिलं नाट्यगीत, दुसरं सतार, तिसरी लहान मुलांची बडबडगीतं.

दादा: असला अल्बम मी विकत घेईन.

मी: काका, कुणी ‘डुप्लिकेट काढा’ केलं होतं का?

सकाळी ८:०५

छोटू: हा मेसेज डिलीट केला गेला

आत्या: छोटू. मी वाचलाय.

छोटू: मागच्या महिन्यात मामा म्हणाला लॅपटॉप हळू चालतो. मी बघितलं तर एकच गाणं चाळीस चाळीस वेळा! ट्रॅक ०१, ट्रॅक ०१, ट्रॅक ०१… मला वाटलं मामाने चुकून चाळीस वेळा कॉपी केलं. मग एकेक ठेवून बाकीची उडवली.

काका: ऐकून नाही बघितलीस?

छोटू: नाव सेम, कलाकार सेम. सॉफ्टवेअरच दाखवत होतं डुप्लिकेट म्हणून.

मी: खरंय, ते नाव आणि कलाकार बघतं, आत काय वाजतंय ते नाही. ४१२ गाणी होती, १४ ठेवली, ३९८ गेली. हिशेब जुळला. छोटू, काढताना त्याने विचारलं असेल, ‘फाइल ठेवायची की रीसायकल बिनमध्ये टाकायची?’ तू काय दाबलंस?

छोटू: जे निळं बटण होतं ते.

आत्या: हा बारावीचे पर्यायही असेच निवडतो.

मी: रीसायकल बिन कुणी रिकामी केलीय का?

दादा: मी फक्त अक्षर बदललं. शपथ.

काका: मी रिकामी करत नाही. लागलं तर असावं म्हणून.

काकू: घरीही तेच.

मी: काका, आज तुमची ही सवय कामी आली. बाहेरच्या डिस्कवरून उडवलेलं त्याच डिस्कच्या बिनमध्ये राहतं. डिस्क जोडलेली असेल तरच दिसतं. म्हणूनच आधी अक्षर ‘ई’ करून घेतलं ते बरं झालं, कारण परत आणताना विंडोज ज्या पत्त्यावरून उचललं तिथेच नेऊन ठेवतं. दादा, बिन उघड, फक्त गाण्यांच्या फाइली निवड, ‘रीस्टोर’.

सकाळी ८:३१

दादा: ३९८. मोजल्या. बाबा शेजारी उभे राहून मोजून घेतायत.

आत्या: छोटू वाचला.

काका: वाचला म्हणू नकोस. आता ४१२ गाण्यांची नावं ‘ट्रॅक’ आहेत. कुठलं कुठल्या सीडीतलं, हे कसं कळणार?

मी: दोन मार्ग आहेत. एक, त्या फोल्डरमध्ये ‘बदलाची तारीख’ या रकान्यावर क्लिक करा. एका सीडीची गाणी पाठोपाठ कॉपी झालेली असतात, दोन सीडींच्या मध्ये थोडा खंड असतो, तुम्ही उठून दुसरी लावेपर्यंतचा. त्यामुळे गठ्ठे आपोआप वेगळे दिसतील. दोन, वहीत गाण्यांची लांबी लिहिलीय का?

काका: मिनिटं आणि सेकंद. कव्हरवरून उतरवून.

मी: काका! मग तुमची वहीच डेटाबेस आहे. गठ्ठ्यातल्या पहिल्या तीन लांब्या वहीतल्या तीन लांब्यांशी जुळल्या की सीडी सापडली. इंटरनेटवालेही हेच करतात.

काका: मी ते २००६ पासून करतो आहे.

छोटू: मामा, नावं मी टाइप करतो. सगळी.

काका: ऐकून टाइप करायची.

दुपारी १:१५

आत्या: मला एक सांग गं. माझीही गाणी होती जुन्या कम्प्युटरवर. फाइली आहेत अजून, पेन ड्राइव्हवर जपल्यात. पण वाजत नाहीत. उद्गारचिन्ह वगैरे काही नाही.

मी: कुठल्या प्रकारच्या फाइली आहेत? नावाच्या शेवटी डब्ल्यूएमए आहे का?

आत्या: हो.

मी: तेव्हा काही प्लेअरमध्ये सीडी कॉपी करताना ‘कॉपी प्रोटेक्ट’ अशी एक चौकट असायची. तिच्यात टिक राहिली तर फाइलला कुलूप लागायचं आणि किल्ली त्या कम्प्युटरमध्ये राहायची. कम्प्युटर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं की किल्ली गेली. स्वतःच्या पैशाने घेतलेली सीडी, स्वतः कॉपी केलेली, तरी कुलूप. सीडी असतील तर परत कॉपी करा, त्या फाइलींच्या मागे लागू नका.

आत्या: सीडी मी वाटून टाकल्या गं. फाइली आहेत म्हणून.

काका: मी तेव्हाच म्हणालो होतो.

काकू: अहो, असं लगेच म्हणू नये.

संध्याकाळी ६:२०

काका: आता मूळ मुद्दा. ३४ उरली. सीडी क्र. २४०, २५८ आणि २७१. ही लॅपटॉपमध्ये होती. छोटूने हात लावलेला नाही, बिनमध्येही नाहीत. म्हणजे माझी चोरीची शंका निराधार नाही.

मी: काका, तुमच्या नव्या फोनवर ती वाजायची का?

काका: वाजायची की. लॅपटॉपवर कॉपी केली आणि फोनवर आपोआप आली. लॅपटॉपची जागा भरली तेव्हा तिकडची कायमची काढून टाकली, फोनवर आहेतच म्हणून. गेल्या आठवड्यापासून फोनवरही नाहीत.

दादा: बाबा, फोनबरोबर सहा महिन्यांचं गाण्यांचं सबस्क्रिप्शन फुकट होतं. ते संपलं.

काका: पण गाणी माझी होती. त्यांची नव्हती.

दादा: गाणी तुमची, पण ठेवली होती त्यांच्या गोदामात. भाडं थांबलं, दार बंद.

मी: आणि एक, फोनवर वाजत होतं ते तुमचंच रेकॉर्डिंग होतं, हेही नक्की नाही. अशा सेवा तुमचं गाणं स्वतःच्या साठ्यातल्या गाण्याशी ताडून बघतात. जुळलं तर तुमची फाइल चढवतच नाहीत, त्यांची प्रत तुम्हाला देतात. ताडण्यात चूक झाली तर मैफलीच्या जागी स्टुडिओतलं येतं.

काका: थांब. फोनवर खोकला नव्हता! मला वाटलं कान गेले.

काकू: कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो हो आम्ही!

दादा: म्हणून सिंकला, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारखं ठेवण्याला, बॅकअप समजू नये. इकडे काढलं की तिकडेही जाऊ शकतं. आणि मोठ्यांच्याही चुका होतात. मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटवर लोकांनी वर्षानुवर्षं चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली, २०१९ मध्ये ते उघड झालं. बाबा, मी दुसरी डिस्क आणतो. सगळ्याची एक प्रत तिच्यावर, आणि ती आमच्या घरी ठेवू.

काका: अक्षर कोणतं असेल तिचं?

दादा: बाबा…

मी: त्या तीन सीडी आहेत ना? लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा मिळतो. या वेळी एमपी३ नको, फ्लॅक करा. त्यात आवाजातलं काही कापलं जात नाही, आणि फाइल मूळच्या साधारण निम्म्या आकाराची होते. आणि ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं सॉफ्टवेअर वापरा. एखादी जागा नीट वाचली गेली नाही तर ते परत परत वाचून बघतं, आणि इतरांनी केलेल्या त्याच सीडीच्या कॉपीशी तुमची कॉपी ताडून दाखवतं.

काका: २४० आणि २५८ समोर आहेत. क्रमांक मी स्वतः टाकलेले आहेत, वरच्या बाजूला, बॉलपेनने.

मी: बॉलपेनने?!

काका: खालच्या चकचकीत बाजूला नाही गं. एवढं कळतं मला.

मी: काका, वरचीच बाजू नाजूक. खाली जाड प्लास्टिक असतं, तिथला ओरखडा बऱ्याचदा घासूनही निघतो. माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, वर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. टोकदार पेनने तो दबतो. उजेडासमोर धरून बघा, आरपार भोकं दिसतायत का?

काका: २४० ठीक. २५८ ला एक ठिपका, कडेला.

मी: कडेला असेल तर फार तर शेवटचं गाणं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. पुसायची असेल तर मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

काका: २७१ चं कव्हर आहे. आत सीडी नाही.

दादा: वहीत काय लिहिलंय?

काका: ‘२७१, खण ४, कव्हरसह.’ कुणी नेली असती तर नेणाऱ्याचं नाव लिहिलं असतं. मी नावाशिवाय देत नाही. घरातूनच गेली आहे. छोटू?

छोटू: मामा, मी सीडी आयुष्यात कधी हातात धरलेली नाही.

आत्या: मी पण नाही रे नेली.

रात्री ८:४०

काकू: अहो, ती गाडीत होती.

काका: कुठल्या गाडीत?

काकू: जुन्या. मला आवडायची ती, खोकल्याची जागा आली की मी पण हसायचे. विकली तेव्हा प्लेअरमध्येच राहिली.

काका: गाडीचे कागद कुठे आहेत? घेणाऱ्याचा नंबर असेल त्यात.

काकू: खण ४.