कमी पैशातलं, पण डोंगरात टिकलेलं सामान: कोल्हापूरकरांचे अनुभव

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले, त्या पन्हाळा-पावनखिंड वाटेवर दर पावसाळ्यात कॉलेजची नवी पोरं चालायला येतात. आमच्या गटात नाव घालताना त्यांचा पहिला प्रश्न सामानाचा असतो. सॅक, बूट, जॅकेट, पोंचो अशी यादी कुठंतरी वाचलेली असते, बेरीज सात-आठ हजारांवर जाते आणि मग चांगल्या पायाची पोरं घरी बसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

तुमच्या सॅकमधली अशी एक वस्तू सांगा जी स्वस्त आहे आणि जिच्यावाचून तुम्ही निघणार नाही. ती कुठं मिळते आणि कुठं कमी पडते, तेही लिहा. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली, ते योग्यच झालं. पण जुने लोक रानात काय घेऊन जात, हे घरात ऐकलं असेल तर तेही येऊ द्या.

गंगावेसहून

माझी वस्तू म्हणजे पोत्यातलं प्लॅस्टिकचं अस्तर. जाड, पारदर्शक पिशवी. लक्ष्मीपुरीत पोती-बारदानाच्या दुकानात सुटी मिळते, किंमत चहा-वड्याएवढी. ही आधी सॅकमध्ये उघडून ठेवायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, तोंड पिळून दुमडायचं आणि रबर लावायचं. सॅकवर बाहेरून घालायचं कव्हर आपल्याकडच्या पावसात फार उपयोगाचं नाही, कारण पाणी पाठीकडून झिरपतं आणि खांद्याच्या पट्ट्यांवरून आत उतरतं. आत अस्तर असलं की सॅक ओढ्यात पडली तरी रात्रीचे कपडे कोरडे.

आणि रात्रीचे कपडे म्हणजे रात्रीचेच. एक बनियन, एक स्वेटर, एक पायजमा, जाड मोजे. सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचे ओले कपडेच अंगावर चढवायचे आणि कोरडा जोड परत पिशवीत घालायचा. चालायला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत अंग तापतं. कोरडा जोड चालताना भिजवला, तर पुढच्या मुक्कामी थंडीनं कुडकुडणाऱ्याला देण्यासारखं कुणाकडंच काही उरत नाही. नव्या पोरांना मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

युरियाचं ४५ किलोचं रिकामं पोतंही कामाचं आहे, बसायला आणि झोपताना अंगाखाली घालायला. फक्त दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुऊन घ्या.

गारगोटीहून

मी शिक्षिका आहे. पाटगावकडून रांगणा किल्ल्याला पावसात जायचं म्हणजे झाडीत जळवा आल्याच. विकतचे जळू-मोजे महाग वाटले म्हणून आमच्या शिंपीदादांकडून मांजरपाटाचे शिवून घेतले. मोज्यासारखेच, पण गुडघ्यापर्यंत, वर नाडी. साध्या मोज्यावर हे चढवायचे, मग बूट, आणि पॅन्टचे पाय यांच्या आत खोचायचे. मांजरपाटाची वीण घट्ट असते, त्यातून जळूला तोंड घालता येत नाही. कापड पांढरंच घ्या, वर चढणारी जळू लगेच दिसते.

तरी एखादी लागलीच तर मीठ-तंबाखू टाकण्यापेक्षा नख आडवं सरकवून तिचं तोंड सोडवावं. मिठानं ती तडफडते आणि पोटातलं जखमेत ओकू शकते. रक्त गोठू नये असा पदार्थ ती सोडते, म्हणून नंतरही बराच वेळ रक्त येत राहतं. मुली घाबरतात, त्यांना हे निघण्याआधीच सांगून ठेवते. जागा धुवायची, स्वच्छ कापड दाबून धरायचं, बस्स.

शिवाजी उद्यमनगरातून

काठी. बांबूची, भरीव, आपल्या छातीएवढी. खाली लोखंडी शेंबी, म्हणजे टोकाची टोपी, बसवून घ्या. आमच्याकडं लेथवर पाइपच्या तुकड्याची शेंबी करून देणारे कितीतरी जण आहेत. शेंबी नसेल तर बांबू खालून फाटत जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा झाडू होतो. चिखलात ही काठी खोल रुतते आणि तोल सावरते. ओढा ओलांडताना आधी काठीनं तळ चाचपायचा. गुळगुळीत कातळावर मात्र लोखंड सरकतं, तिथं जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा शेंबीवर ओढून बांधा.

मसाई पठाराखालच्या वाडीतून

आमच्याकडं पावसात कुणी जाकीट घालत न्हाई. घोंगडी हाय की. डोक्यावरनं खोळ करून घेतली की वारं लागत न्हाई, आन् लोकर भिजली तरी ऊब सोडत न्हाई. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असतीया, म्हणून ती ताठ लागती, पाणी सुरुवातीला वरनंच घरंगळतं. पट्टणकोडोलीच्या बिरोबाच्या जत्रंत बघून घ्या, हातमागाची घ्या. एक खरं सांगतो, भिजली की लय जड हुती. दोन दिवस पाठीवर वागवायची असंल तर शहरातल्या पोरांनी तिच्या नादी लागू नये, प्लॅस्टिकचा कागद घ्यावा. मुक्कामाला आमच्या वाडीत आला तर घोंगडी आम्ही देऊ.

कसबा बावड्यातून

दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, खर्डा, गुळाचा खडा, शेंगदाणे. पाकीटबंद एनर्जी बार लागत नाहीत. खर्डा स्टीलच्या डबीत न्या, प्लॅस्टिकला तेल सुटतं आणि सॅकभर वास.

राधानगरीहून

दाजीपूरचं रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. आमचे आजोबा हाकाऱ्यांमध्ये, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवणाऱ्यांमध्ये, जात. त्यांचं सामान ऐकून आज आश्चर्य वाटतं: कोयता, घोंगडी, पटक्याच्या पदरात बांधलेली भाकरी, एवढंच. आवाज होऊ नये म्हणून लपणात बसणारे खाकी नाहीतर मातकट सुती कपडे घालत. हे मी आजही पाळतो. विकतचं रेनकोटचं कापड चालताना सळसळ करतं, गवा ते लांबून ऐकतो आणि निघून जातो. सुती कापडाचा आवाज होत नाही. अर्थात उघडिपीतच, कारण सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत.

माझी स्वस्त वस्तू आहे जुनी दुर्बीण. नवीन महागडी घेण्याआधी वापरलेली ८ बाय ४० शोधा. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४० ला ८ नं भागलं की ५ येतात, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर रुंद. संध्याकाळी झाडीखाली गवा बघताना याच आकड्याला महत्त्व. खिशात मावणारी १० बाय २५ दुपारी ठीक चालते, पण अंधारताना तिच्यातून गवा आणि खडक वेगळे दिसत नाहीत. घेताना भिंगात बुरशीची जाळी नाही ना, हे उजेडाकडं धरून बघा. आपल्याकडच्या दमटपणात ती हमखास धरते, म्हणून पावसाळाभर दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्या औषधाच्या डब्यांतून जमा करतो.

अभयारण्यात कोयता-काडेपेटीचं काम नाही. वनखात्याची परवानगी घ्यायची, वाट सोडायची नाही आणि गवा अंतरावरूनच बघायचा.

शाहूपुरीतून

बुटांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. स्वस्त बूट चालतात, फक्त त्यांचा सोल चिकटवलेला असतो आणि भाताच्या चिखलात तो उपटून निघतो. नवीन घेतल्या घेतल्या चप्पल लाईनीत जाऊन सोल चहूबाजूंनी शिवून घ्या. मग आठ-दहा दिवस रोज घालून फिरा, अंबाबाईच्या देवळापर्यंत पायी जा, रंकाळ्याला फेरी मारा. कोरे बूट घालून पन्हाळ्यावरून निघणाऱ्याच्या टाचा पहिल्याच दिवशी सोलतात. मुक्कामाला बुटात जुना पेपर कोंबा, सकाळपर्यंत तो बरंच पाणी शोषून घेतो.

पुन्हा मंगळवार पेठेतून, धागा काढणारा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. माझी वस्तू राहिली: पीटीच्या मास्तरांकडं असते ती शिट्टी, पण प्लॅस्टिकची आणि आत गोळी नसलेली. गोळीची शिट्टी पाण्यानं भरली की नीट वाजत नाही. मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि हाक वाऱ्यात विरून जाते. आमच्या गटात एक शिट्टी म्हणजे ‘मी इथं आहे’, तीन म्हणजे ‘सगळे आहात तिथं थांबा’. ती सॅकच्या खांद्याच्या पट्टीला बांधायची, खिशात ठेवायची नाही.

पन्हाळ्याला येणाऱ्या नव्या पोरांपैकी ज्यांच्याकडं अस्तर आणि शिट्टी नसेल, त्यांच्यासाठी जादा आणतोय. काठ्यांचं उद्यमनगरवाल्यांनी बघावं. शेंब्या किती लागतील ते शनिवारपर्यंत कळवतो.