यवतेश्वर घाटातला तो प्रकार: मस्करी म्हणून सोडून द्यायचा का?

सातारची लेक:
गेल्या रविवारी आत्याला घेऊन बामणोलीच्या एसटीनं निघाले होते. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. यवतेश्वर घाट लागला तसा तिनं काळा चष्मा काढला आणि खिडकीतून खाली बघत म्हणाली, "अगं, घरं मोजता येतील इतकं साफ दिसतंय." पुढच्या वळणावर कासला फुलं बघायला निघालेली एक गाडी एसटीला घासून पुढं गेली. मागच्या खिडकीतून एका पोरानं पँट खाली करून ढुंगण बाहेर काढलेलं, बरोबर आमच्या खिडकीसमोर. दुसरा मोबाईलवर शूटिंग करत होता. आत्यानं चष्मा परत घातला, तो कास येईपर्यंत काढला नाही. दोन दिवसांनी तोच व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं: "याला मूनिंग म्हणतात, बाहेरच्या देशात कॉमन आहे, एवढं काय मनावर घेता?"
मी मनावर घेतलंय. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ, सांगली:
ताई, आत्यांना त्रास झाला हे वाईटच. पण पोरं विशीतली असणार. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लगुना निगेल म्हणून गाव आहे, तिथं १९७९ पासून दर जुलैत लोक रुळांशेजारच्या कुंपणाला रांगेनं उभे राहून जाणाऱ्या रेल्वेला हेच दाखवतात. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या कोर्टानं २००६ मध्ये असं वागणं गुन्ह्यात बसत नाही असा निकाल दिलाय. आम्ही आयर्विन पुलाखाली नागडे पोहत मोठे झालो, कुणाचं काही बिघडलं नाही. उघड्या अंगाची एवढी धास्ती बरी नव्हे.

सातारची लेक:
दादा, नदीवर तुम्ही पोहायला गेला होता, कुणाच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायला नाही. त्या मेरीलँडच्या न्यायाधीशांनीही ते वागणं किळसवाणं आहे असं म्हटलं होतंच. आणि त्या रेल्वेत तर कित्येक जण मुद्दाम त्या दिवशीचं तिकीट काढून बसतात. माझी आत्या घरी चालली होती.

कोर्टाची पायरी:
कायद्याचं सांगतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करून लोकांना त्रास दिला तर कलम २९६ लागतं, म्हणजे तीन महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या संहितेत हेच २९४ होतं. बाईचा विनयभंग करायच्या हेतूनं हावभाव केला हे सिद्ध झालं तर कलम ७९, तिथं शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. व्हिडिओ पसरवणं हा आणखी वेगळा विषय. मूनिंग हा शब्द कायद्यात नाही म्हणून कृत्य सुटत नाही.

जुनी पानं:
हा प्रकार इंटरनेटनं आणलेला नाही. पहिल्या शतकात जेरुसलेमच्या मंदिरात ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला पहाऱ्यावरच्या एका रोमन शिपायानं जमावाकडं ढुंगण केलं. दगडफेक झाली, जादा फौज आली, पळापळीत हजारो माणसं चेंगरून मेली, असं त्या काळचा इतिहासकार जोसेफस लिहितो. उलट न्यूझीलंडच्या माओरी लोकांत 'व्हाकापोहाने' म्हणून ढुंगण दाखवून अपमान करायची रीत आहे. १९८३ मध्ये डन मिहाका या माओरी कार्यकर्त्यानं प्रिन्स चार्ल्सच्या दौऱ्यात तसा निषेध केला. कृती एकच, पण मिहाकासमोर राजघराणं होतं आणि शिपायाच्या हातात तलवार. घाटातली पोरं यातली कुठली, हे मला विचाराल तर शिपायाच्या जातकुळीतली.

खंडाळ्याची माहेरवाशीण:
आमच्याकडं सुखेड आणि बोरीच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. लाज वाटावी असे हातवारेही होतात. पण ज्या येतात त्या ठरवून येतात, आणि शिवी खाणारीला शिवी द्यायचा तेवढाच हक्क असतो. धावत्या गाडीतून दाखवून पळालेल्याला उत्तर कसं द्यायचं?

कृष्णाकाठ, सांगली:
रेल्वेचा मुद्दा मागं घेतो, ती माणसं राजी असतात, हे मी धरलंच नव्हतं. पण पोलिसात जाऊ नका, हे मी अजून म्हणतो. आपल्या भागातली निम्मी पोरं भरतीसाठी पहाटे चारला उठून पळतात. एक गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत अडकतात, मग आयुष्यभर तेच. घरच्यांना गाठा, व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकायला लावा, आत्यांसमोर आणून उभं करा. माझ्या पोरानं केलं असतं तर मी स्वतः कानाला धरून आणलं असतं.

कोर्टाची पायरी:
घरचे हसण्यावारी नेतील तर? ग्रुपवर लिहिणारा मोठा माणूसच होता ना?

सातारची लेक:
हो, मोठाच होता. माझ्या वडिलांच्या वयाचा.
गाडीचा नंबर व्हिडिओतच दिसतोय. तक्रार अजून दिलेली नाही. आधी घरच्यांना गाठते, व्हिडिओ निघाला नाही तर देणार, भरतीचं काय व्हायचं ते होवो. पण "कॉमन आहे" हे मला कुणी परत सांगू नये. शुक्रवारी आत्याला डोळ्याच्या तपासणीला परत साताऱ्याला आणायचंय. काल फोनवर म्हणाली, "मला आतल्या बाजूला बसव, खिडकी नको."