द्राक्षबागांमधून जाणारी नवी २२० केव्ही वाहिनी: ग्रामसभेत नेमके काय मागावे?

प्रश्न (द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका)

आमच्या शिवारातून २२० केव्हीची (२ लाख २० हजार व्होल्ट दाबाची) नवी वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव आहे. सर्वेक्षणाची माणसे येऊन गेली आहेत, पण टॉवरच्या जागी अजून खुणा केलेल्या नाहीत. येत्या ग्रामसभेत हा विषय असून पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या) कंपनीचे अधिकारी त्या सभेला येणार आहेत. गावात काहीजण सरळ विरोधाचा ठराव करा म्हणतात, तर काहीजण केवळ मोबदल्याचा दर विचारा म्हणतात. मला दोन्ही अपुरे वाटते. शेतीपंपांना दिवसा पुरेशा दाबाने वीज मिळावी, ही मागणी आपलीच आहे. पण मोठा खर्च करून उभ्या केलेल्या द्राक्षवेलींच्या मांडवाच्या मधोमध टॉवर आला, तर त्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर फिरवणेसुद्धा अवघड होईल. या टप्प्यावर काय मागणे योग्य आणि शक्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त पारेषण अभियंता, मिरज)

आपण योग्य वेळी विचारले आहे, कारण खुणा होण्याआधी जे बदलता येते ते नंतर फारच थोडे बदलते. सर्वप्रथम गट नंबर दाखवणारा मार्गाचा नकाशा मागा, आणि ज्या पर्यायी मार्गांचा विचार झाला ते कोणत्या कारणाने सोडले, हेही लेखी मागा. वाहिनी जिथे वळते तिथला टॉवर अधिक भक्कम, अधिक रुंद पायाचा आणि महाग असतो; त्यामुळे संपूर्ण मार्ग बदलण्यास अभियंते सहसा तयार होत नाहीत. मात्र दोन वळणांच्या मधले टॉवर त्याच रेषेत थोडे मागे-पुढे सरकवून बांधाजवळ, पडीक तुकड्यात किंवा ओढ्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर आणता येतात. २२० केव्हीला दोन टॉवरमधले अंतर साधारण ३५० मीटर धरतात, म्हणून एकाच्या शेतातला टॉवर हलवला की पुढच्या दोघा-तिघांच्या शेतांवर परिणाम होतो. यासाठीच ही चर्चा एकेकट्याने करू नये. संबंधित सर्व खातेदारांनी नकाशा घेऊन अधिकाऱ्यांसोबत शिवारफेरी करावी.

द्राक्षासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. वाहिनीला समांतर जाणाऱ्या मांडवाच्या लांब तारांमध्ये प्रवर्तनाने (वीजवाहिनीला स्पर्श न होताही) विद्युतदाब निर्माण होऊ शकतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर हात लावणाऱ्याला झटका जाणवतो. त्यामुळे कोणत्या बागांच्या ओळी समांतर येतात ते तपासून त्यांच्या अर्थिंगचा खर्च कंपनीने करावा, अशी अट इतिवृत्तात येऊ द्या. तारांखालच्या पट्ट्यात बोअरवेलचे यंत्र उभे करता येणार नाही आणि बेदाण्याची शेडही बांधता येणार नाही, हे सर्वांना आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

उत्तर २ (वकील, सातारा)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. पारेषण वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. सातबारा आपल्याच नावावर राहतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ खाली कंपनीला १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील अधिकार मिळाले असतील, तर शेतकऱ्याची संमती नसतानाही काम करता येते आणि अडथळा आल्यास जिल्हादंडाधिकारी परवानगीचा आदेश देऊ शकतात. अशा वाहिन्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेच्या यादीत नसल्याने त्या अधिसूचनेखालची जनसुनावणीही होत नाही. म्हणजे नुसत्या विरोधाच्या ठरावाने काम थांबेल या भरवशावर राहू नका. कंपनी स्वतःहून चर्चेला येत आहे, त्या संधीचा उपयोग मार्ग सुधारण्यासाठी करा.

मोबदल्याविषयी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के रक्कम सुचवली आहे. प्रत्यक्षात राज्याचा लागू असलेला शासननिर्णय पाहावा लागतो, म्हणून त्याची प्रत आणि मूल्य ठरवण्याची पद्धत प्रांताधिकारी कार्यालयाकडून लेखी मागवा. २२० केव्हीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. शेतातून तार १०० मीटर गेली तरी ३,५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३५ गुंठे जमीन त्यात येते. बहुतेक लोक फक्त टॉवरच्या जागेवर भांडतात आणि हा पट्टा विसरतात. पिके व झाडे यांची भरपाई याखेरीज असते. रक्कम अपुरी वाटल्यास तार अधिनियमाच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वीचा पंचनामा आणि छायाचित्रे जपून ठेवा.

उत्तर ३ (ऊस उत्पादक, वाळवा तालुका)

ताई-दादांनो, आमच्याकडच्या वाहिनीच्या वेळी नोटिसा सातबाऱ्यावरच्या नावाने निघाल्या, आणि जिथे वारसनोंद झाली नव्हती तिथे जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या विधवा भगिनींना काहीच कळले नाही. सभेआधी तलाठ्यांकडून नावे तपासून घ्या आणि बाहेरगावी असलेल्या खातेदारांनाही कळवा. सभा बागेच्या छाटणीच्या गडबडीत ठेवू नये, हेही सुचवा. दुसरे असे की, २२० केव्हीच्या तारा जमिनीपासून किमान ७ मीटर उंच असाव्या लागतात. ऊस त्याखाली घेता येतो, पण फड किंवा पाचट पेटवल्यास ज्वाळा आणि धुरामुळे वाहिनी ट्रिप होते (आपोआप बंद पडते) आणि खाली असलेल्या माणसाच्या जिवाला धोका असतो. तोडणी मजुरांना ही सूचना कोण देणार, ते सभेतच ठरवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नकाशा आणि शासननिर्णयाची प्रत यांसाठी उद्याच अर्ज देतो. टॉवर सामाईक बांधावर घेतला, तर मोबदला कोणाला मिळेल?

उत्तर २ (वकील, सातारा)

संयुक्त मोजणीत प्रत्येक गटात पायाचे किती क्षेत्र येते ते वेगळे नोंदवून त्या प्रमाणात रक्कम वाटण्याची मागणी करा. पंचनाम्यावर दोन्ही खातेदारांच्या सह्या त्याच दिवशी, जागेवरच घ्याव्यात. बांधाचा जुना वाद असेल तर आधी हद्द कायम करून घ्यावी.